बरोबर उत्तर आलं, तरी विचारलं

बुधवार, रात्री

आज दशांश अपूर्णांकांची तुलना घेतली. फळ्यावर ०.४ आणि ०.३५ लिहून मोठी संख्या कोणती ते विचारलं. एरवी मान खाली घालून बसणारी एक मुलगी चक्क हात वर करून होती, म्हणून तिलाच उठवलं. "०.४, बाई." उत्तर बरोबर. अशा वेळी शाबासकी देऊन पुढच्या उदाहरणाकडे वळायचा मोह होतोच, पण उत्तर बरोबर असो वा चूक, "कसं काढलंस?" हे विचारायचा माझा नेम आहे. ती म्हणाली, "पॉइंटच्या पुढे जितके जास्त अंक, तितके तुकडे बारीक. म्हणून एक अंकवाली संख्या मोठी." मग मी ०.४ च्या शेजारी ०.५७ लिहिलं. ती ठामपणे म्हणाली, "तरी ०.४च मोठी."

तिच्या बोलण्यात अर्धं तरी माझंच शिकवणं होतं. एक शतांश हा एका दशांशापेक्षा लहान, हे तिला पक्कं कळलंय. शतांश किती आहेत, ते मात्र तिने मोजलेच नाहीत. तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाचं नेमकं उलटं. त्याच्या मते ०.३५ मोठी, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. आता गंमत बघा, परीक्षेत ०.४ आणि ०.३५ ही जोडी आली तर तिला गुण आणि त्याला भोपळा. ०.४ आणि ०.५७ आली तर त्याला गुण आणि तिला भोपळा. कळलेलं दोघांनाही नाही. कोण हुशार ठरणार, हे जोडी निवडणाऱ्याच्या हातात. तिला शतांश मोजायला लावायचे आणि त्याला अंकाच्या स्थानाची किंमत दाखवायची, ही दोन निराळी कामं आहेत. दोघांनाही "पुन्हा नीट बघ" एवढंच सांगून ती होणार नाहीत.

अशा दिवशी मला बेनी आठवतो. बेनी हा एका संशोधकाच्या लेखातला मुलगा. स्टॅन्ली अर्लवँगर यांनी १९७३ साली या सहावीतल्या अमेरिकन मुलावर एक लेख लिहिला. बेनीच्या वर्गात प्रत्येक मूल आपापल्या गतीने छापील पानं सोडवायचं, उत्तरं उत्तरसूचीशी ताडली जायची आणि चाचणी पार झाली की पुढचं पान. बेनी भराभर पुढे जायचा, बाईंच्या लेखी तो चांगल्या मुलांपैकी होता. अर्लवँगर यांनी फक्त त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. तेव्हा कळलं की त्याच्या हिशेबी दोन दशांश (२/१०) म्हणजे १.२. का, तर अंश आणि छेद यांची बेरीज १२, मध्ये दशांश चिन्ह टाकायचं. ०.३ अधिक ०.४ किती, तर ०.०७. प्रत्येक ठिकाणी त्याचा स्वतःचा नियम होता, आणि तो तो नियम प्रामाणिकपणे पाळत होता. उत्तरसूचीशी उत्तर जुळलं नाही, तर आपलं उत्तर फक्त वेगळ्या रूपात आहे, अशी तो समजूत करून घ्यायचा.

मला बेनीची चूक हादरवत नाही. चुका रोज बघतो आपण. हादरवतं ते हे, की इतकी वर्षं त्या मुलाला कुणी मोठ्याने विचार करायला लावलंच नाही. आणि हे निष्काळजी शिक्षकाच्या वर्गात घडलेलं नाही. तिथली सगळी व्यवस्था मुलाकडे वैयक्तिक लक्ष देण्यासाठीच आखलेली होती! पानं तपासली जात होती, नोंदी ठेवल्या जात होत्या, आलेखही वर चढत असणार.

स्टाफरूममध्ये आजची गोष्ट सांगितली तर एक सहकारी म्हणाले, "एकेकाचं ऐकत बसलो तर पोर्शन कधी संपणार, मॅडम?" प्रश्न खोटा नाही. चाळीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी आणि वह्या. सगळ्यांचं सगळं ऐकणं अशक्यच, आणि तसं करतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण त्यांना मी एवढंच म्हटलं की पोर्शन आपला संपतो, मुलांचा कुठे पोचलाय ते विचारल्याशिवाय कळत नाही. त्यावर ते हसले आणि चहा प्यायला गेले. बहुधा पटलं नसावं.

ऐकायला खरं तर फार वेळ लागतही नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबत होते आणि मूल बोलायचं थांबलं की पुन्हा तितक्याच घाईने स्वतः बोलू लागत होते. हे दोन्ही थांबे तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, मुलं आपणहून बोलू लागली, एरवी मागे पडणारीही. तीन सेकंद! मात्र हे वाचायला सोपं आहे. वर्गासमोर उभं राहून तीन सेकंद गप्प राहणं म्हणजे काय ते उभं राहणाऱ्यालाच कळतं. दुसऱ्याच सेकंदाला जीभ वळवळू लागते. त्यातही मुलाचं वाक्य संपल्यानंतरचा थांबा मला जास्त अवघड जातो, कारण वाक्य संपलं असं आपल्याला वाटतं तेव्हा मुलाचा "पण बाई..." अजून यायचा असतो.

आणखी एक बारीकशी गोष्ट. मूल हळू आवाजात काही सांगतं आणि आपण लगेच ते मोठ्याने, जरा नीटनेटकं करून वर्गाला सांगतो. हेतू चांगला असतो. पण मुलाने "तुकडे बारीक" म्हटलेलं असतं आणि आपण "स्थानिक किंमत कमी" म्हणून मोकळे होतो. मुलाला कळतं की आपले शब्द चालले नाहीत, आणि बाकीच्यांना कळतं की एकमेकांकडे कान द्यायची गरज नाही, बाई सांगतीलच. म्हणून आज मी तिचं वाक्य तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, कुणाला पटतंय? निम्म्या वर्गाला पटलं. मग पहिल्या बाकावरून एकाने विचारलं, "पण ०.५७ मध्ये ०.५ आहेच की, मग ती ०.४ पेक्षा लहान कशी?" मी काहीच बोलले नाही. मुलगी फळ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "थांब, थांब," आणि वहीत काहीतरी करू लागली. तिचं अजून पक्कं झालेलं नाही, उद्या पुन्हा डळमळेल. चालेल.

एवढं सगळं झालं ते बोलणाऱ्या मुलांचं. न बोलणाऱ्यांचं काय करायचं, हा मला जास्त छळणारा प्रश्न आहे. ऐकणारी शिक्षिका म्हणून मिरवताना मी तेच ते आठ-दहा आवाज ऐकत असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून बुधवारी शेवटची पाच मिनिटं चिठ्ठ्या. नाव लिहायचं नाही. आज काय अडलं, किंवा काहीही. बऱ्याच चिठ्ठ्यांवर "काही नाही" असतं, एकावर क्रिकेटच्या बॅटचं चित्र होतं, छान होतं.

आजच्या गठ्ठ्यात एक निघाली: "तुम्ही आधी माझं नाव घेता आणि मग प्रश्न विचारता. तेव्हा प्रश्न ऐकूच येत नाही." यावर बराच वेळ विचार केला. आधी नाव घेतलं की ते मूल धास्तावतं आणि उरलेला वर्ग सुटकेचा श्वास सोडून खिडकीबाहेर बघायला मोकळा होतो, दोन्हीकडून तोटाच. उद्यापासून प्रश्न आधी, मग थोडा वेळ, मग नाव. आणि ज्याला त्या वेळी बोलायचं नसेल त्याने "नंतर सांगतो" म्हटलं तरी चालेल, असं सांगून ठेवीन. याचा फायदा घेऊन चार पोरं वर्षभर "नंतर" म्हणत राहतील, तीही मला आत्ताच दिसताहेत. त्यांच्याकडे तास संपायच्या आधी परत जायचं. वहीच्या मागच्या पानावर नावं लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरेन.