वटवाघळांच्या हाका: आता लक्ष दोन हाकांमधल्या अंतराकडे

मागच्या नोंदीपर्यंत माझं काम हेटरोडाइन डिटेक्टरवर, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारी वटवाघळांची हाक ऐकू येईल अशा सुरात उतरवणाऱ्या यंत्रावर, चाललं होतं. डायल ४५ किलोहर्ट्झवर ठेवायची, टपटप ऐकू आली की वेळ लिहून घ्यायची. आता पूर्ण पट्ट्याचं रेकॉर्डिंग सुरू केलंय. सेकंदाला आवाजाचे ३,८४,००० नमुने, म्हणजे त्याच्या निम्म्या, १९२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं हाती लागतं. १६ बिटची तासाभराची फाइल पावणेतीन जीबीच्या घरात जाते, म्हणून आवाज आला तरच रेकॉर्डर जागा होईल असं सेटिंग ठेवलंय.

पूर्वी माझं सगळं लक्ष वारंवारतेवर असायचं. जात ओळखायला ती लागतेच. पण वटवाघूळ त्या क्षणी काय करतंय हे कळायला दोन हाकांमधलं वेळेचं अंतर जास्त बोलकं आहे, असं आता माझं ठाम मत झालंय.

वटवाघूळ हाक देतं आणि किड्यावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून तो हेरतं. हिशोब सोपा आहे. २० अंश तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. एक मीटरवरच्या किड्याकडे जाऊन परत यायला त्याला जवळपास ६ मिलिसेकंद लागतात. मोकळ्या आकाशात शोध चालू असताना माझ्या फाइल्समध्ये हाका साधारण ९० ते १०० मिलिसेकंदांच्या अंतराने दिसतात. तेवढ्या वेळात १५ मीटरवरचा प्रतिध्वनीही परत येऊ शकतो. म्हणून वटवाघळाला किडा १५ मीटरवरून कळतो असं मात्र नाही. उच्च वारंवारतेचा ध्वनी हवेत फार लवकर विरतो आणि लहान किड्याचा प्रतिध्वनी काही मीटरांपलीकडून आला तर अगदी क्षीण असतो. दोन हाकांमधलं अंतर एवढं मोठं असण्याचं दुसरं कारण पंख आहेत. पंखांच्या फडफडीबरोबर श्वास आणि श्वासाबरोबर हाक, अशी सांगड असते. उडताना छातीचे स्नायू चालतच असतात, त्यांच्याच जोरावर हाक निघाली की वेगळी शक्ती फारशी खर्च होत नाही.

मग किडा सापडतो आणि अंतर झपाट्याने आटू लागतं. ५०, ३०, १५, आणि शेवटी ६ मिलिसेकंद. हाच तो शेवटचा ‘बझ’, सेकंदाला दीडशेच्या वर हाका. फाइल दहापट संथ करून ऐकली तर ४५ किलोहर्ट्झची हाक साडेचार किलोहर्ट्झवर येते आणि बझमधली प्रत्येक हाक सुटी ऐकू येते. इतक्या वेगाने आवाज काढायला स्वरयंत्राचे स्नायूही तसेच लागतात. सेकंदाला २०० वेळांपर्यंत आकुंचन पावणारे हे स्नायू २०११ साली एका संशोधनात मोजले गेले.

बझमध्ये हाका नुसत्या जवळ येत नाहीत, आखूडही होतात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. शोधाच्या वेळची हाक ५-६ मिलिसेकंद चालते. किडा अर्ध्या मीटरवर आला की प्रतिध्वनी तीन मिलिसेकंदांतच परततो, म्हणजे आपलीच हाक संपायच्या आत. त्या गोंधळात कमकुवत प्रतिध्वनी हरवून जाईल. म्हणून जसजसा किडा जवळ, तसतशी हाक छोटी, शेवटी मिलिसेकंदापेक्षाही कमी. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या चित्रावर, लांब तिरक्या रेघांचे ठिपके होत जाताना दिसतात.

नाकावर घोड्याच्या नालेसारखी पाळी असलेली वटवाघळं मात्र वेगळ्या वाटेने जातात. त्यांची हाक लांब आणि जवळजवळ एकाच सुरात असते, त्यामुळे ती प्रतिध्वनीवर येतेच. डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे हालचालीमुळे सूर बदलत असल्याने, मात्र हाक आणि प्रतिध्वनी यांचे सूर वेगळे राहतात. त्यांचा कान ठरावीक सुराला फार तीक्ष्ण असतो. समोर उडताना प्रतिध्वनीचा सूर चढतो, म्हणून ही वटवाघळं स्वतःची हाक तेवढी उतरवतात आणि परतणारा सूर बरोबर त्या जागी ठेवतात. ८२ किलोहर्ट्झच्या आसपास हाक देणारं वटवाघूळ सेकंदाला ५ मीटर वेगाने उडत असेल तर ही दुरुस्ती २.४ किलोहर्ट्झच्या जवळ जाते. संशोधक श्निट्झलर यांनी हे १९६८ मध्ये दाखवून दिलं. अशा जातींची नोंद करताना वटवाघूळ बसलेलं होतं की उडत होतं हे जरूर लिहा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येणार नाही. आणि त्यासाठी त्यांच्या विश्रांतीच्या जागी मुळीच जाऊ नका. बाहेर पडायच्या वाटेपासून लांब उभं राहूनही भरपूर मिळतं.

मायक्रोफोनच्या जागेचा एक प्रयोग करून बघाच. सपाट भिंतीपासून दीड मीटर पुढे, भिंतीकडे पाठ न करता सगळीकडचं ऐकणारा मायक्रोफोन लावा. समोरून येणाऱ्या प्रत्येक हाकेमागे तीच हाक फिकट रेघेत पुन्हा उमटते, जवळजवळ ९ मिलिसेकंदांनी. तीन मीटर जादा प्रवासाचा तो वेळ. हाक तिरकी आली तर अंतर कमी भरतं. जात ओळखण्यासाठी हे रेकॉर्डिंग कुचकामी आहे, त्यासाठी मायक्रोफोन काठीवर उंच, भिंत आणि पाण्यापासून दूरच हवा. पण वटवाघूळ ज्या खुणेवर जगतं तीच खूण अशी डोळ्यांनी बघायला मिळते.

पुढचा टप्पा दोन मायक्रोफोनचा. एकाच रेकॉर्डरवर, एक मीटर अंतराने. दोन्हींपर्यंत हाक पोचण्यातला फरक जास्तीत जास्त २.९ मिलिसेकंद असेल आणि त्यावरून दिशा काढता येईल. दोन वेगळे रेकॉर्डर चालणार नाहीत, कारण त्यांची घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकतात. कोणी दोन चॅनेलचं ३८४ किलोहर्ट्झ रेकॉर्डिंग आधी केलं असेल तर केबलची लांबी आणि वाऱ्यापासूनचं आवरण याबद्दल जरूर लिहा.