फोन उचलणारी कंपनी

मँडोलिन म्हटलं की आमच्या बेळगावात निम्म्या लोकांना गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो आठवतो आणि उरलेल्यांना लहान मुलांची गिटार. भाचा टिळकवाडीतल्या घरात वाजवत बसला की शेजारच्या काकू अजून "गिटार मस्त वाजवतोय हं" म्हणतात, आणि तोही आता हसून सोडून देतो. आठ तारा, पण दोन-दोनच्या जोडीनं चारच सूर, तेही व्हायोलिनसारखे लावायचे, एवढंसं वाद्य. जुन्या हिंदी गाण्यांत मात्र ते ठासून भरलंय, लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधले लक्ष्मीकांत आधी मँडोलिनवालेच, आणि संगीतकार सज्जाद हुसेन तर त्याच्यावर राग वाजवायचे. आपल्याला ते कुणी सांगितलेलं नसतं एवढंच.

मला वाजवता येत नाही, मला कुतूहल आहे ते बनवणाऱ्यांचं. म्हणजे मोठ्या फॅक्टरीवाल्यांचं नाही, परदेशात त्या छोट्या कंपन्या असतात ना, पाच-दहा माणसांच्या, त्यांचं. कुणी स्प्रूसच्या लाकडाचं वरचं पान कोरतंय, कुणी मेपलची पाठ, कुणी पॉलिश घासतंय, आणि फोन वाजला की ज्याच्या हाताला सरस लागलेला नाही तो उचलणार. गिऱ्हाईक आधी थोडे पैसे भरतं आणि मग महिनोन् महिने थांबतं, मध्ये कधीतरी फोटो येतो की ही बघा तुमची फळी. भाचा अशाच एका कंपनीला मेल टाकत असतो. त्या मँडोलिनची किंमत आपल्या स्कूटरच्या वर, हा घेणार नाही हे मला माहीत आहे, त्याला माहीत आहे, आणि मला वाटतं एव्हाना त्यांनाही माहीत असणार. तरी दर वेळी उत्तर येतं, तेही साग्रसंगीत. तुम्ही जोरात वाजवता की हळू, बोटं जाड आहेत का, तुमच्याकडे पाऊस किती. पाऊस किती! बेळगावच्या माणसाला पावसाबद्दल विचारल्यावर काय, यानं पानभर लिहून पाठवलं, खानापूरकडचा पाऊस पण त्यात घालून.

पण पावसाचा प्रश्न उगीच नव्हता हे नंतर कळलं. त्याच्याकडे सध्या जी मँडोलिन आहे ती ऑनलाइन मागवलेली, एका मोठ्या कंपनीची. जुलैत लाकूड दमट हवेनं फुगलं, वरचं पान उचललं, तारा इतक्या वर आल्या की दाबताना बोटं कापायची पाळी. तर यानं काय केलं, आठच्या आठ तारा एकदम काढल्या. मँडोलिनची घोडी, म्हणजे ज्याच्यावरून तारा जातात तो लाकडाचा तुकडा, चिकटवलेली नसते, ती फक्त तारांच्या दाबानं उभी असते, तारा गेल्या की घोडी गेली. "मामा, तारा सगळ्या काढलो, घोडीच निसटली की!" असं करत पोरगं संध्याकाळी दारात उभं. कस्टमर केअरला फोन लावला तर कन्नडसाठी हे दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा, दोन्ही दाबून झालं, शेवटी एक तक्रार नंबर मिळाला. एवढा लांब नंबर की तो लिहून घेतल्यावर काहीतरी काम झाल्यासारखं वाटलं. त्या नंबरचं पुढं काय झालं ते त्या नंबरलाच माहीत.

मग सरळ मिरजेची गाडी धरली. घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार करत जायचं, मँडोलिन मांडीवर. मिरजेतले सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे, लढाया संपल्यावर एकोणिसाव्या शतकात हे लोक वाद्यांकडे वळले, आणि आता २०२४ साली तिथल्या सतारीला नि तंबोऱ्याला जीआय टॅग पण मिळाला. आमच्या घरातला तंबोरा तिथलाच, मावशीचा. ज्या चाचांकडे गेलो त्यांनी मँडोलिनकडे बघितलंच नाही आधी, मला म्हणाले, "तुम्ही बेळगावचे न्हवं? त्या तंबोऱ्याला भोपळ्याला डाव्या अंगानं चीर होती, वाढली काय?" मी मावशीचं नावही सांगितलेलं नव्हतं. मी तर त्या चिरेकडे कधी नीट बघितलंही नसेल.

मँडोलिन हे काही त्यांचं रोजचं काम नाही, पण लाकूड ते लाकूड. पॉलिश पेपरचा तुकडा वरच्या पानावर उपडा घातला, खरखरीत बाजू वर, आणि त्याच्यावर घोडीचा पाय हळूहळू घासायला लागले, म्हणजे पानाची जी गोलाई तीच पायाला यावी, मध्ये फट राहायला नको. घासायचं, उजेडाकडे धरून बघायचं, परत घासायचं. मग दोन तारा चढवल्या, बाराव्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या पट्टीवर, बोट नुसतं टेकवून एकदा, दाबून एकदा, दोन्हीकडे तोच सूर येईपर्यंत घोडी केसभर मागं, केसभर पुढं. शेवटी घोडीची दोन्ही चाकं फिरवून उंची उतरवली आणि पेन्सिलीनं बारीक खूण केली. "तारा एकेक बदलायची. आणि पावसात कपाटात ठेवायचं असतंय हे, खिडकीत न्हाई." पैसे सांगितले ते इतके कमी की आम्हालाच लाजल्यासारखं झालं. म्हणाले, पुढच्या खेपेला कुंदा आणा.

कंपनी मोठी झाली की हे बिघडतं, असं माझं सरळ मत आहे. अमेरिकेत बिल मन्रो म्हणून ब्लूग्रास या तिकडच्या गावाकडच्या संगीताचा बाप मानला जाणारा गायक होता, त्याच्या मँडोलिनच्या आत गिब्सन कंपनीच्या लॉइड लोअर या वाद्यतज्ज्ञाची सही आणि ९ जुलै १९२३ ही तारीख. गिब्सनचं एफ-५ मॉडेल, त्यानं १९४० च्या दशकात मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानातून घेतलेलं. १९५० च्या सुमाराला त्यानं ते कंपनीकडे दुरुस्तीला पाठवलं, सांगितलेलं काम नीट झालं नाही, तर गड्यानं चाकू घेतला आणि मँडोलिनच्या डोक्यावरचं कंपनीचं नावच खरवडून टाकलं. वर 'द गिब्सन' होतं, 'द' तेवढा शिल्लक ठेवला. कित्येक वर्षं तसाच स्टेजवर वाजवत होता, अख्ख्या जगाला दाखवत! १९८० मध्ये दिलजमाई झाली, नाव परत बसवलं. पुढं १९८५ साली कुणीतरी घरात घुसून त्या मँडोलिनच्या ठिकऱ्या केल्या, आणि गिब्सनच्याच चार्ली डेरिंग्टन नावाच्या कारागिरानं त्या ठिकऱ्या एकेक जुळवून ती परत उभी केली. मला यातला डेरिंग्टन महत्त्वाचा वाटतो, गिब्सन नव्हे. गिब्सननं तर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलमझू गावचा आपला जुना कारखाना बंद करून टाकला, तेव्हा तिथल्याच काही लोकांनी गाव न सोडता त्याच जागेत हेरिटेज नावानं वाद्यं करायला घेतली.

अर्थात गिऱ्हाईकही काही कमी नसतं. चाचांना लोक जेवायच्या वेळेला फोन करतात, फोनवरच तार छेडून "आता सांगा, बेसूर आहे का" विचारतात. भाचा त्यात आघाडीवर. एकदा त्यांनी त्याला झापलं पण, आणि लगेच वर विचारलं की ती तुझी परदेशी कंपनी सरस कुठला वापरते ते जरा विचारून सांग. यानं विचारलं. तिकडून उत्तर आलं, जनावराच्या कातड्याचा, गरम करून लावतो, आणि उलट प्रश्न आला की तुमचे चाचा भोपळा वाळवतात कसा. ते चाचांनी सांगितलं, यानं इंग्रजी केलं, तिकडून भोपळ्याचा फोटो मागितला. पंढरपूरकडून मिरजेत भोपळे येतात तेव्हा काढू म्हणालेत. आता रविवारी चाचांचा फोन आला की पहिलं वाक्य "काय म्हणतंय ते गोरं?"

भाच्यानं दोघांपैकी कुणालाही अजून म्हणावं तसं गिऱ्हाईक केलेलं नाही, चाचांना नेलेला एक किलो कुंदा सोडला तर.