दक्षिणेचा रंगीत ठिपका ओळखताना: माझा अनुभव

जानेवारीच्या अखेरीस पुण्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवरून रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला एक तेजस्वी ठिपका दिसू लागला. तो क्षणात लाल, क्षणात हिरवा, क्षणात निळसर होत असल्यामुळे ते ड्रोन असावे, असे बहुतेक शेजाऱ्यांचे मत पडले. एकाने मोबाइलवर झूम करून घेतलेल्या चित्रफितीत तर रंग बदलणारी तबकडीच दिसत होती. अशा चित्रफितीला मी पुरावा मानत नाही. फोकस सुटला की कोणताही प्रकाशबिंदू पसरून तबकडीसारखा दिसतो. म्हणून तो दिसतो कसा यापेक्षा केव्हा, कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर दिसतो, याच्या नोंदी ठेवण्याचे मी ठरवले.

समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीची उभी कड मला खूण म्हणून उपयोगी पडली. गच्चीच्या ठरलेल्या कोपऱ्यात उभे राहून पाहिल्यावर ठिपका सावकाश पश्चिमेकडे सरकत टाकीमागे जात असल्याचे दिसले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक काही मिनिटांतच आकाश ओलांडते, त्यामुळे ते लगेच बाद झाले. दुसऱ्या रात्री ठिपका त्याच कडेमागे सुमारे ४ मिनिटे आधी गेला आणि आठवडाभरात हा फरक जवळजवळ अर्ध्या तासाचा झाला. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातील एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण होत असल्याने तारे असेच रोज ४ मिनिटे आधी येतात. ड्रोन उडवणाऱ्याकडून इतक्या काटेकोरपणाची अपेक्षा मी तरी करणार नाही.

ग्रहाची शंका मात्र उरली होती, कारण ठळक ग्रहही काही दिवसांच्या निरीक्षणात ताऱ्यांसारखेच वागतात. ती फेडायची तर खरी दक्षिण आणि उंची, दोन्ही हवीत. लोखंडी सळयांच्या गच्चीवर मोबाइलमधील होकायंत्राचा भरवसा नसल्यामुळे मी दुपारी उभ्या काठीची सर्वांत लहान सावली पाहून उत्तर-दक्षिण रेषा आखली. पुण्यात जानेवारीअखेर ही वेळ बाराला नव्हे, पावणेएकच्या सुमारास येते. उंचीसाठी हात ताठ धरून मूठ वापरली. अशी एक मूठ साधारण १० अंश व्यापते, पण प्रत्येकाने क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत आपल्या किती मुठी होतात, हे आधी मोजून घ्यावे.

ठिपका नेमका दक्षिणेला आला तेव्हा दोन मुठींपेक्षा किंचित कमी, म्हणजे सुमारे १९ अंश उंचीवर होता. पुण्याचा अक्षांश १८.५ असल्याने खगोलीय विषुववृत्त (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेले वर्तुळ) दक्षिण क्षितिजापासून ७१.५ अंशांवर येते; त्यातून १९ वजा केले की वस्तू विषुववृत्ताच्या ५२.५ अंश दक्षिणेला ठरते. डोळ्यांना ठळक दिसणारे ग्रह इतके दक्षिणेला कधीच जात नाहीत. पुण्यात ते दक्षिणेला येतात तेव्हा त्यांची उंची ४० अंशांच्या वरच असते. उणे ५२.७ अंश क्रांतीचा, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या तितकाच दक्षिणेला असलेला, एक अत्यंत तेजस्वी तारा मात्र आहे, तो म्हणजे अगस्त्य. व्याधानंतर रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा हाच. पडताळा सोपा होता: अगस्त्यानंतर सुमारे २० मिनिटांनी व्याध दक्षिणेला यायला हवा, आणि मृगाच्या त्रिकांड बाणाच्या रेषेत खाली सापडणारा व्याध आखलेल्या रेषेवर त्याच वेळी, ५५ अंशांच्या आसपास आला.

रंगांचे कारण हवेत आहे. १९ अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत सुमारे तिप्पट हवेतून येतो. तिच्या हलत्या थरांमध्ये निरनिराळे रंग कमी-अधिक वळतात आणि डोळ्यांपर्यंत आळीपाळीने पोहोचतात.

एवढ्यावर ड्रोनवाल्यांचे समाधान झाले नाही. मग त्यांच्यापैकीच एकाच्या दिल्लीतील भावाला मी वेळ आणि उंची आधीच कळवली: पुण्याच्या १३ मिनिटे आधी, एका मुठीहून थोडा खाली. धुके विरळ असलेल्या रात्री त्याला तारा तिथेच सापडला. फिकट, आणि पुण्यापेक्षाही अधिक रंग बदलणारा.