भोगीची भाजी दोघांपुरती होत नाही

मुलगा पुण्याला आणि मुलगी हैदराबादला राहायला गेल्यापासून आमच्या स्वयंपाकघरातली पातेली एकेका मापाने लहान होत गेली. सोलापूर या दोन शहरांच्या मध्ये असल्यामुळे दोघांनाही सणाला घरी येणे सोपे असावे, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटेल; पण दोघांच्याही कार्यालयांत भोगीची सुट्टी नसते, त्यामुळे दिवाळीला भरणारे घर जानेवारीत रिकामेच राहते. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी भोगीचा स्वयंपाकही दोघांपुरताच करायचे ठरवले. तो बेत चुलीपर्यंत पोहोचलाच नाही, मंडईतच मोडला.

भोगीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी मंडईत गेले की पाय ठेवायला जागा नसते. पावटा, वाल, ओला हरभरा, तुरीच्या हिरव्या शेंगा, वाटाणा, गाजरे, काटेरी वांगी, बोरे आणि उसाचे करवे हे सगळे एकाच दिवशी लागते आणि दुसऱ्या दिवशीच्या सुगडांसाठीही त्यातलेच बरेचसे न्यायचे असते. मी भाजीवाल्या मावशींकडे मूठभर तूर आणि दोनच वांगी मागितली, तेव्हा त्यांनी तराजू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ताई, भोगीला कुणी असं मोजून मागतं का? पाव किलोच्या खाली मी काही तोलत नाही.” पाव किलोप्रमाणे सात भाज्या घेतल्या की पिशवीत पावणेदोन किलो झाले, शेंगांची टरफले वजा जातात, पण त्यांची भरपाई शेंगदाणे, तिळाचे कूट आणि रश्शाचे पाणी करते. एवढी भाजी दोन माणसांनी तीन दिवस खाल्ली तरी संपत नाही.

भाज्या कमी करून पाहावे, हा उपाय मला अर्थातच सुचला होता. परंतु पावटा आणि तूर वगळली की उरते ती रोजचीच वांग्याची भाजी, आणि बोरे वगळली की रश्शाला येणारा तो किंचित आंबटगोड स्वाद निघून जातो, जो वर्षातून एकदाच जिभेवर येतो. या भाजीला आमच्या भागात खेंगट म्हणतात, तर काही घरांत लेकुरवाळी भाजी. लेकुरवाळीच्या पदरात मुले असायचीच. ती कमी करणे मला जमले नाही.

मग मी उलट मार्गाने गेले. माळ्यावरचे मोठे पातेले काढले आणि शेजारच्या दोन्ही घरी जेवायला यायचे सांगून आले. आमच्या मजल्यावर एका बाजूला तेलुगू बोलणारे पद्मशाली कुटुंब आहे, तर समोरच्या घरातल्या अक्का कन्नड बोलतात. सोलापुरात हे काही नवलाचे नाही. येथे जिन्यावर भेटलेली तीन माणसे तीन भाषांतून सुरुवात करतात आणि मराठीत येऊन थांबतात.

भोगीच्या स्वयंपाकात वेळेचे गणित हीच खरी अडचण असते, कारण त्याच दिवशी सोलापूरच्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा असतो. हिरेहब्बू वाड्यातून निघालेले सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, तळ्याकाठच्या मंदिराजवळ संमती कट्ट्यापाशी येतात, तेथे कन्नडमध्ये मंगलाष्टकांसारखी संमती वाचली जाते आणि शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लावून जमलेले हजारो लोक अक्षता टाकतात. अक्कांचा मुलगा पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालतो, त्यामुळे अक्षता पडल्याशिवाय त्या घरात कोणी जेवत नाही. म्हणजे बारा वाजता तयार होणारा स्वयंपाक मला दुपार कलेपर्यंत गरम ठेवावा लागणार होता. खेंगटाला हा उशीर मानवतो. भाकरीला अजिबात मानवत नाही.

तेव्हा सकाळी फक्त भाजी आणि राळ्याचा, म्हणजे एका बारीक भरडधान्याचा, भात केला. करडईच्या तेलात जिरे-हिंगाची फोडणी करून आधी पावटा, तूर, हरभरा आणि भिजवलेले शेंगदाणे घातले, कारण दाणे शिजायला वेळ घेतात. ते अर्धे शिजल्यावर गाजर, त्यानंतर वांगी, आणि बोरे व उसाचे करवे अगदी शेवटी घातले. बोरे आधी घातली तर फुटतात आणि सगळ्या भाजीत बियाच लागतात. भाजलेले तीळ आणि सुके खोबरे वाटून घातल्यावर रस्सा दाट होतो, त्यात काळे तिखट पडते, आणि वाटाणा कोवळा असेल तर तोही याच वेळी पडतो. कांदा-लसूण मी घालत नाही, कारण नैवेद्याची भाजी आहे. शिवाय माझ्या मते लसणाने ओल्या हरभऱ्याचा हिरवा वास मारला जातो. या मुद्द्यावर आमच्या घरात दरवर्षी एक मतभेद नोंदवला जातो आणि दरवर्षी तो फेटाळला जातो.

राळे मात्र मला पहिल्या वर्षी साधले नव्हते. दाणा इतका बारीक असतो की नुसते धुऊन भागत नाही, रोळून घ्यावे लागतात, म्हणजे पाण्यात हलवत हलवत वरचे दाणे दुसऱ्या भांड्यात ओतायचे आणि खडे तळाशी राहू द्यायचे. मी घाई केली, आणि पहिल्याच घासाला पाहुण्यांच्या दाताखाली खडा आला. ते काही बोलले नाहीत, पण पुढचा घास त्यांनी फार जपून चावला.

भाकऱ्या मी सगळे परतल्यावरच थापायला घेतल्या. आम्ही ज्वारीचे खाणारे लोक. मंगळवेढ्याची मालदांडी डोळे मिटून थापता येते, पण बाजरीच्या पिठाला तेवढा चिकटपणा नसतो आणि दळून आठवडा झाला की ते कडू होते, म्हणून भोगीपुरते पीठ दोन दिवस आधीच गिरणीतून आणावे लागते. पीठ गरम पाण्याने भिजवून खूप मळायचे, थापताना वर तीळ पेरून हाताने दाबायचे आणि तीच बाजू तव्यावर आधी टाकायची, म्हणजे तीळ भाजले जातात आणि पाणी वरच्या पिठाच्या बाजूला फिरवता येते. माझ्या दुसऱ्या भाकरीला चीर पडल्याचे पाहून अक्कांनी न विचारता पदर खोचला आणि परात स्वतःकडे ओढली. त्यांच्याकडे हीच भाकरी सज्जी रोट्टी या नावाने होते आणि ती माझ्यापेक्षा पातळ असते, हे मला मान्य करावे लागले.

पद्मशाली वहिनी आल्या त्या पदरात बोरे घेऊन. त्यांच्याकडे भोगीच्या दिवशी लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे ओततात आणि त्याला भोगी पळ्ळू म्हणतात. आपल्याकडे संक्रांतीनंतर बोरन्हाण घालतात ते जवळजवळ तसेच. त्यांच्या नातवावरून ओतून उरलेली ती बोरे होती. ती भाजीत टाकायची वेळ निघून गेली होती, म्हणून ताटात कच्चीच वाढली. लोणी, घट्ट दही आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी हे बाकीचे ताट. बाराबंदीतला मुलगा सकाळपासून उपाशी होता. त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि रश्शासाठी पातेले कलते करायला लावले. उसाचे करवे चोखताना कोणालाच बोलता येत नसल्यामुळे जेवणाच्या शेवटी पाच मिनिटे खोलीत पूर्ण शांतता होती.

यंदा हे चौथे वर्ष. मंडईतल्या मावशींनी मला ओळखले आणि न विचारता प्रत्येक भाजी अर्धा किलो तोलली. संक्रांतीच्या सकाळी अक्का माझे मोठे पातेले मागून घेऊन गेल्या, कारण त्यांच्याकडे यात्रेचे पाहुणे उतरले होते. दुपारी त्यांच्याकडून शेंगापोळ्यांचा डबा आला, त्यांच्या शब्दांत शेंगा होळगी. डबा मी तिळगूळ घालून परत केला. पातेले अजून त्यांच्याकडेच आहे.