एमजीबी शर्यतीला न्यायची तर उद्यमबागेत काय लिहून द्यायचं

बेळगावात जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार ट्रॅकसाठी तयार करणाऱ्याची एक मोठी सोय आहे. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, होनिंग, हेड फेसिंग, सगळी कामं उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत होतात. एखादं नाहीच जमलं तर निपाणी ओलांडून कोल्हापूरचं उद्यमनगर गाठता येतं. आपल्याकडच्या कारागिराच्या हातात कसब आहे. पण तो रोज पंप, ट्रॅक्टर आणि हायड्रॉलिकची कामं करतो, आणि साठ वर्षांपूर्वीचं इंजिन पाऊण तास सतत ५,५०० आरपीएमवर फिरणार आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मापं कागदावर लिहून देणं हे गाडीवाल्याचं काम. तोंडी सांगितलेलं माप संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

उदाहरणाला एमजी कंपनीची एमजीबी ही स्पोर्ट्स कार घेतो. १९६२ ते १९८० या काळात ती बनली. इंजिन १,७९८ सीसी, बोअर ८०.२६ मिमी आणि स्ट्रोक ८८.९ मिमी. १९६४च्या शेवटी क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आली. शर्यतीसाठी निवड करता येत असेल तर पाचवालंच घ्या. हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरीज इंजिन, म्हणजे आपल्या जुन्या १,४८९ सीसी पेट्रोल अॅम्बॅसडरच्या इंजिनाचं सख्खं भावंड. दोघांचा स्ट्रोकही एकच. त्यामुळे अॅम्बॅसडर उघडलेल्या जुन्या मिस्त्रीला एमजीबीचा ढाचा बघताक्षणी कळतो, आणि ही ओळख फार कामाची आहे. मात्र अॅम्बॅसडरचा तो क्रँक तीन बेअरिंगचा. 'तेच तर आहे' म्हणत कुठलाही भाग मोजल्याशिवाय बसवू देऊ नका. ट्रायम्फ स्पिटफायरवाल्यांनाही असंच एक नातं सापडेल: तिची चॅसिस हेराल्डवरून आलेली आणि आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनत होती. स्पिटफायरच्या पुढच्या ट्रनियनमध्ये (चाक धरणारी उभी व्हर्टिकल लिंक ज्यात फिरते तो खालचा सांधा) ग्रीस भरायचं नाही, ईपी ९० गिअर ऑइल घालायचं. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, आत गंज धरतो आणि व्हर्टिकल लिंक वळणावर तुटते.

क्रँकचा कागद असा लिहा. मेन जर्नलचं (क्रँकचा मेन बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मूळ माप २.१२६५ ते २.१२७० इंच, बिग एंडचं (कनेक्टिंग रॉड बसतो तिथलं) १.८७५९ ते १.८७६४ इंच. ग्राइंड करायचंच झालं तर १० किंवा २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज, आणि नवे बेअरिंग शेल हातात आल्यावरच. बिग एंडचं क्लिअरन्स १ ते २.७ थाऊ. एंड फ्लोट (क्रँकची पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) ४ ते ५ थाऊ, म्हणजे ०.१० ते ०.१३ मिमी. खाली मोठ्या अक्षरात एक ओळ: 'जर्नलच्या कोपऱ्याला मूळचा रेडियस ठेवा.' घाईत ग्राइंडर चाक सरळ आत घालतो, कोपरा काटकोनात निघतो आणि क्रँकला पहिली चीर बरोबर तिथेच जाते. ट्रॅक्टरचं इंजिन २,००० आरपीएमवर ही चूक वर्षानुवर्षं सोसेल. एमजीबीचं सोसणार नाही. ग्राइंडिंग झालं की मॅग्नाफ्लक्सने (चुंबकीय भुकटीने चीर शोधायची पद्धत) क्रॅक टेस्ट करून घ्या. आधी केलेली टेस्ट ग्राइंडिंगनंतरच्या क्रँकबद्दल काही सांगत नाही.

पिस्टनचंही तसंच. पिस्टन टेबलावर आल्याशिवाय ब्लॉक बोअरला द्यायचा नाही. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर साध्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून क्लिअरन्स पिस्टन बनवणाऱ्याने दिलेलंच ठेवायचं. वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा मूळच्या पिस्टनसाठी आहे. तो वापरला तर तिसऱ्या-चौथ्या लॅपला पिस्टन धरतो.

आता धुणं. चांगल्या इंजिनांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि कामही सगळ्यात स्वस्त आहे, म्हणून यावर थोडं थांबतो. होनिंगनंतर ब्लॉक रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन परत देण्याची सगळीकडे पद्धत आहे. रॉकेलने तेल निघतं, पण होनिंगच्या दगडाची बारीक पूड बोअरच्या रेघांत तशीच बसून राहते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि नायलॉनचा ब्रश घ्या आणि प्रत्येक बोअर घासा. पांढरं सुती फडकं आत फिरवा. करडं निघालं की पुन्हा घासा. फडकं पांढरंच बाहेर आलं की वाळवून लगेच तेलाचा हात द्या. आपल्याकडच्या दमट हवेत उघडा बोअर तासाभरात तांबूस पडतो. ऑइल गॅलरीचे प्लग काढूनच आतून ब्रश फिरवायचा. क्रँकमधल्या तिरप्या भोकांतही ग्राइंडिंगचा कीस अडकतो, तो कॉम्प्रेसरच्या हवेने पूर्ण निघत नाही. पाइप क्लीनर लागतोच.

जोडणीत आट्यांकडे लक्ष द्या. गाडीवर बहुतेक ठिकाणी यूएनएफ (इंचाच्या मापाचे बारीक) आटे आहेत. ५/१६ यूएनएफ नट आणि मेट्रिक एम८ बोल्ट दिसायला सारखे. दोन आटे हाताने फिरतातही, पुढे पान्याचा जोर लावला की आटे कापले जातात. यूएनएफ नट-बोल्टचा डबा वेगळा ठेवा आणि त्यात दुसरं काही पडू देऊ नका. मेन कॅपला ७० पाउंड-फूट म्हणजे ९५ न्यूटन-मीटर, हेड नटना ४५ ते ५०. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट दर वेळी नवे. पैसे वाचवायला इतर जागा पुष्कळ आहेत.

नव्या कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटं फार महत्त्वाची. टॅपेट सपाट तळाचे आहेत. इंजिन पेटल्याबरोबर २,००० आरपीएमच्या वर न्यायचं, तिथेच खालीवर करत वीस मिनिटं ठेवायचं आणि आयडलवर सोडायचंच नाही. त्यासाठी इंजिन पहिल्या सेल्फला पेटायला हवं: टायमिंग आधी लावलेलं, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ तपासलेली, फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल भरलेलं, आणि प्लग काढून स्टार्टरने फिरवून ऑइल प्रेशर गेजवर आणलेलं. तेल २०डब्ल्यू-५० मिनरल, झिंक आणि फॉस्फरस हजार-बाराशे पीपीएमच्या आसपास असलेलं. डेटाशीट मागून बघा. कमी झिंकच्या तेलात कॅमचे लोब गोल होतात. आधी पॉवर हळूहळू कमी होते आणि कारण कळेपर्यंत तो कीस बेअरिंगमध्ये गेलेला असतो.

ट्रॅकवर तापल्यावर प्रेशर ५० ते ८० पीएसआय हवं. लांब वळणात काटा पडला तर तेल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एका कडेला गेलं आणि पंपाने हवा ओढली असं समजा. संपमध्ये बॅफल (तेल अडवणारे पत्रे) वेल्ड करून घ्या आणि ऑइल कूलर लावा. थर्मोस्टॅट नुसता काढून टाकू नका. त्या जागी ब्लँकिंग स्लीव्ह बसवा, नाहीतर पाणी सोप्या वाटेने पळतं आणि मागचं सिलिंडर तापतं. बऱ्याच ट्रॅकवर कूलंट चालत नाही, कारण सांडलं की निसरडं होतं. साधं पाणी आणि गंजरोधक इन्हिबिटर पुरेसं.

कार्बोरेटरच्या बाबतीत बेळगावची जागाच फरक पाडते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, हवा चेन्नईपेक्षा सात-आठ टक्के विरळ. जोडीने बसवलेले एसयू एचएस४ कार्बोरेटर इथे बरोबर लावले की चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास सर्किटवर तीन-चार टक्के लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतात. दुपारच्या उन्हात हवा पातळ होऊन काही भाग भरून निघतो, सकाळच्या सत्रात मात्र नाही, आणि पिस्टन जळतात ते तेव्हाच. ट्रॅकवर पोचल्यावर जेट नट एक फ्लॅट खाली घेऊन सुरुवात करा. नटाला सहा फ्लॅट असतात, दोन्ही कार्बोरेटरवर सारखंच फिरवा. मग कडेच्या पिनने कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. आरपीएम वाढून तसाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसलं तर लीन, क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. पिस्टन याहून जास्त उचलला तर कुठलंही इंजिन बसतं आणि उत्तर चुकतं. ही परीक्षा फक्त आयडलची. पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण नीडलचा (जेटमधल्या निमुळत्या सुईचा) आकार ठरवतो, त्यासाठी वाइडबँड सेन्सर लावून लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १च्या खाली म्हणजे रिच) ०.८६ ते ०.८८ बघा. डॅशपॉटमध्ये २० ग्रेडचं तेल. ते संपलं की पेडल दाबल्यावर गाडी अडखळते आणि लोक उगाच जेटच्या मागे लागतात.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे तेच नीडल आणखी लीन पडतं. एक-दोन पायऱ्या रिच नीडल घ्यावंच लागतं. जुने रबरी पाइप आतून सोलवटतात आणि त्याचे तुकडे फ्लोट व्हॉल्व्हमध्ये अडकतात. एसएई जे३० आर९ छापलेलाच पाइप घ्या. आणि पावसाळ्याआधी टाकी व फ्लोट चेंबर रिकामे करा, कारण इथेनॉल ओल शोषतं आणि जून ते सप्टेंबर खानापूरकडच्या शेडमध्ये ओलीला काय तोटा! त्याच काळात क्लच पेडल लाकडी दांडक्याने दाबून ठेवा, नाहीतर क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. हँडब्रेक सोडा आणि चाकांना लाकडं लावा.

पुढच्या हबबद्दल मिस्त्रीला समोर उभं करून सांगा. आपल्याकडे टेपर बेअरिंग सेट करायची सवय अशी: नट घट्ट करायचा, पाव फेरा मागे घ्यायचा, स्प्लिट पिन घालायची. एमजीबीत हे चालत नाही. दोन बेअरिंगच्या मध्ये एक स्पेसर आहे आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला ३, ५ आणि १० थाऊच्या शिम (पातळ चकत्या) असतात. पूर्ण आवळल्यावर बेअरिंग, स्पेसर आणि स्टब अॅक्सल मिळून एकच कडक दांडा होतो. कित्येक गाड्यांत कुणीतरी आधीच शिम फेकून दिलेल्या असतात, कधी स्पेसरही. मग वळणाचा सगळा जोर एकट्या स्टब अॅक्सलवर येतो, तो वाकतो, आणि एक दिवस तुटून चाक निघून जातं. पद्धत अशी: ग्रीस न लावता जास्तीच्या शिम घालून जोडा, नट ४० पाउंड-फूटला आवळा, डायल गेज हबवर लावून आत-बाहेर हलवा. समजा १३ थाऊ आले, तर १० थाऊची एक शिम काढा, ३ उरले. हवं ते २ ते ४. मग खोलून ग्रीस भरा, पुन्हा ४०ला आवळा आणि पिनचं भोक जुळेपर्यंत पुढे न्या, ७०च्या पलीकडे नाही. दोन्ही बाजूंना मिळून अर्धा दिवस जातो. तो द्या.

तारेची चाकं ट्रॅकवर नकोतच. स्पोक सैल होतात, हबचे स्प्लाइन झिजतात. स्टीलच्या चाकांची तपासणी सोपी. तारेचीच वापरायची झाली तर डावे-उजवे हब अदलाबदल झालेले नाहीत ना बघा. झाले असतील तर मधला नट पळता पळता स्वतःच सैल होतो.

ब्रेकला डॉट ४. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल शोषलेल्याचा १५५पर्यंत उतरतो. आपल्या एका पावसाळ्यानंतर उघड्या डब्यातलं फ्लुइड वापरायचंच नाही. प्रत्येक शर्यतीआधी सीलबंद डबा फोडून पूर्ण ब्लीड करा. सील किती जुने हे माहीत नसेल तर आधी ते बदला. तापलेली गाडी पिटमध्ये उभी करताना हँडब्रेक ओढू नका, चाकाला ठोकळा लावा.

कागदपत्रांचं एक लक्षात असू द्या. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण ती मूळ रूपात असावी लागते, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल नकोत, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून केज (चालकाभोवतीचा पोलादी सांगाडा) वेल्ड करण्यापूर्वी बोल्टने बसणाऱ्या रोलबारचा विचार करा, आणि गाडी ट्रेलरवरच न्या. राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगावहून थेट मद्रास सर्किटच्या दारापर्यंत जातो.

परत आल्यावर, इंजिन थंड असताना, व्हॉल्व्ह क्लिअरन्स १५ थाऊवर तपासा. क्रम लक्षात ठेवायला नऊची बेरीज: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना आठवा लावायचा, तिसरा दाबलेला असताना सहावा. मग तेल गरम करून काढा, फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उलगडा. चुंबकाला चिकटणारा कीस कॅम-टॅपेटचा; न चिकटणारा, तांब्या-कथलाच्या रंगाचा चमकता थर असेल तर संप उतरवून बिग एंडचे शेल बघितल्याशिवाय पुढची एंट्री भरू नका.