वास कुणाला येतो?

घटस्थापनेच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या ओपीडीत शिंकांचा आठवडा. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नवरात्राआधी इथं घरातलं एकूण एक कापड बाहेर निघतं. माळ्यावरच्या गोधड्या, वाकळा, सतरंज्या, ट्रंकेतली जुनी लुगडी, सगळं झोडपायचं, धुवायचं, गच्चीवर वाळत घालायचं आणि मग देवी बसवायची. त्यानंतर बायका माझ्याकडे येतात. नाक लाल, पदर डोळ्याला, आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "मॅडम, मला सायनस हाय."

कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून सतरा वर्षं हे वाक्य ऐकतेय. सायनस सगळ्यांनाच असतात. गालात, कपाळात, डोळ्यांच्या मधोमध आणि पार मागे, अशा हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या. "मला सायनस आहे" म्हणजे "मला गुडघे आहेत" म्हणण्यासारखं. सुरुवातीला मी हे समजावून सांगायचे, आता सोडून दिलंय. मराठीत तो आजाराचाच शब्द होऊन बसलाय. "नाकाचं हाड वाढलंय"चंही तसंच. त्यातल्या निम्म्यांचं हाड जागच्या जागी असतं, वाढलेली असते ती नुसती सूज.

त्या सोमवारी बाजार होता, त्यामुळे गर्दी जास्तच. साठीच्या एक मावशी आत आल्या. दर वर्षी याच सुमाराला येणाऱ्या. कपाळावर सुंठीचा लेप वाळून पापुद्रे सुटलेले, मुठीत ओव्याची पुरचुंडी.

"पहाटं उठलं की धा-पंधरा शिंका. मग नाक नळावानी वाहतंय. ह्या वर्षी सायनस लईच चढलाय."

"खाज येते का?"

उत्तराच्या आधीच त्यांचा तळवा नाकाच्या शेंड्याखाली गेला आणि खालून वर असा एकदा खसकन घासला. वर्षानुवर्षं असं घासून नाकाच्या मधोमध एक आडवी रेघ उमटते, मावशींच्या नाकावर ती चांगली ठसठशीत होती. मी टाळूचं विचारलं, तर त्यांनी जीभ टाळूला घासून 'कर्र' असा आवाजच काढून दाखवला. "हितं, हितं आत. बोट घालून खाजवावंसं वाटतंय."

माझ्या दृष्टीनं निदान इथंच झालं होतं. जंतूंचा पू झालेल्या सायनसला खाज येत नाही. तिथं गाल ठणकतो, दात शिवशिवतात, वास जातो, घट्ट पिवळं घशात उतरतं, कधी ताप असतो. खाज, माळ लागल्यासारख्या शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, चुरचुरणारे डोळे आणि तेही दोन्ही बाजूंना, हा कारभार अ‍ॅलर्जीचा. तरी बॅटरी लावून बघितलं. नाकातलं आतलं मांस फिकट, फुगलेलं, पाणी सुटलेल्या उकडीसारखं. पू कुठंच नाही.

"औषधं काय घेताय?"

मावशींनी पिशवी टेबलावर पालथी केली. अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन-तीन गोळ्यांची पाकिटं, त्यातली दोन रिकामी. शिवाय सेटिरिझिनची अर्धी पट्टी.

"ही तीनची सायनसची. मेडिकलवाला देतोय. आन ही बारकी माझ्या पोराची, अ‍ॅलर्जीची. तुमीच दिलेली."

"तीनच्या गोळीनं गुण येतो?"

"येतो की! तिसऱ्या दिवशी उतार."

येणारच. तीन दिवसांत गोधड्याही धुऊन होतात. गोधडीत धुळीतले अतिसूक्ष्म किडे असतात, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगणारे. किड्यापेक्षा त्याच्या विष्ठेचा त्रास जास्त. काठीनं गोधडी झोडपली की ती पूड थेट नाकात. झोडपणं संपलं, धूळ बसली, नाक निवलं, आणि नाव झालं गोळीचं. अ‍ॅझिथ्रोमायसिन जंतूंवरचं औषध आहे, धुळीवर ते काय करणार? पण हे मावशींना पटवायचं म्हणजे दहा वर्षांचा अनुभव खोटा ठरवायचा. त्यामुळे मी नुसतं म्हटलं, "ह्या वर्षी तीनची राहू दे. नाकात मारायचा स्प्रे देते."

"त्येची सवय लागती म्हणत्यात."

सवय लागते ती नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची. ते चार-पाच दिवसांच्या वर घातले की नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. हा स्प्रे वेगळा, सूज उतरवणारा. त्याचा पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लोक दोन दिवस मारतात आणि "काय उपयोग नाही" म्हणून बाटली देवळीत ठेवून देतात. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं मारायचा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर आदळत नाही. मान जरा खाली. मावशींकडून दोनदा करून घेतलं. गोधडी झोडपायचं काम ह्या वर्षी सुनेकडे, आणि तिच्याही तोंडाला फडकं, असं ठरलं.

मी चिठ्ठी लिहीत होते आणि मावशी उठता उठता बोलत होत्या. पेशंटचं महत्त्वाचं वाक्य नेहमी चिठ्ठी लिहिताना येतं, हा माझा अनुभव.

"ह्या घोरात घरात भांडणं. पोरगं डेअरीवर लोकांशी तंडतंय. ज्याच्यात्याच्या कॅनला नासकं म्हणतंय."

मुलगा दूध संकलन केंद्रावर आहे, हे मला माहीत होतं. फॅट मशीनवर बघतात, पण त्याआधी झाकण काढून वास घेतात. आंबूस वास आला की कॅन बाजूला.

"नासकं नसतं का?"

"न्हाई वो. तेनं परत पाठवलेलं दूध मी सोता हुंगलं. काय वास न्हाई. घरात चहासुदिक वततोय मोरीत. मेलेला उंदीर हाय कुठंतरी म्हणून परवा सगळी कपाटं सरकवली."

माझं पेन थांबलं.

"कुठं आहे तो आत्ता?"

बाहेर कडुनिंबाखाली मोटारसायकलवर बसून होता. आईला आणायला आलेला, आत यायला तयार नाही. शेवटी आमची सिस्टर जाऊन घेऊन आली. अडतिशीचा गडी, वैतागलेला. "मला काय न्हाई मॅडम. अ‍ॅलर्जी हाय. तुमीच सांगितलंय."

केसपेपर काढला. जुलैतली तारीख, आणि खाली माझ्याच अक्षरात 'ए. आर.' एवढंच. अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिसचा आमचा शॉर्टफॉर्म. तक्रार : 'नाक बंद'. त्या दिवशी ओपीडीत सत्तर पेशंट असतील, शेजारी शिंकणारी आई बसलेली, घराण्यातच अ‍ॅलर्जी, मी तीस सेकंदांत मोकळी. कुठली बाजू, हे मी लिहिलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. आपल्याकडे माणूस "नाक बंद आहे" म्हणतो. "नाकपुडी" कुणी म्हणत नाही.

"कुठली बाजू बंद असते?"

"उजवी. कायम उजवीच."

"खाज? शिंका?"

"तवा हुत्या थोड्या. आता न्हाईत."

"कॅन उचलायला वाकलात की?"

त्यानं उजव्या गालावर हात ठेवला. "हितं दगड ठेवल्यागत."

मग मी विचारलं, "वास कुणाला येतो? तुम्हाला, की तुमच्या जवळच्यांना?"

हा प्रश्न मला शिकताना एका जुन्या सरांनी दिला. नाक आतून सुकून खपल्या धरतात तो एक आजार आहे. त्यात शेजारच्याला बसवत नाही इतकी घाण येते आणि रोग्याला स्वतःला पत्ता नसतो, त्याची वासाची जाणीवच गेलेली असते. एका बाजूच्या गालात पू साठला की बऱ्याचदा उलट, घाण वास त्याचा त्यालाच येतो.

"मलाच. बायको म्हणती तुझं डोकं फिरलंय."

दुर्बीण घातली. चार मिलिमीटरची नळी, समोर मॉनिटरचा पडदा. डावी बाजू स्वच्छ, गुलाबी. उजवीकडे आत गेले तर मधल्या फटीतून पिवळट पांढरी रेघ हळूच खाली उतरत होती, आणि सक्शन लावल्यावर खोलीभर तो वास. सिस्टरनं मान फिरवली. तो पडद्याकडे टक लावून बघत होता.

"सायीगत दिसतंय," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, अगदी हलक्या आवाजात, "म्हंजे नासकं हेच हुतं?"

मोठ्या माणसाची एकच बाजू आणि घाण वास म्हटलं की मी दात बघते. लहान मूल असतं तर नाकात चिंचोका, शेंगदाणा नाहीतर स्पंजचा तुकडा शोधला असता. एकाच बाजूचा पू अ‍ॅलर्जीच्या नावावर कधीच खपवू नये, आणि मी नेमकं तेच केलं होतं. वरच्या जबड्यात उजवीकडे सहाव्या दातावर, म्हणजे पहिल्या मोठ्या दाढेवर, कॅप होती. "दोन वर्सामागं बसवली. रूट कॅनाल करून. अजिबात दुखत न्हाई." दुखणार नाहीच, आतली नसच काढलेली. आरशाच्या दांड्यानं एकेका दातावर हलकी टिचकी मारत गेले. चौथा, पाचवा, काही नाही. सहाव्यावर त्यानं डोळे मिटले आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला भिडलेली असतात. मधे हाडाचा पातळ पापुद्रा. मुळाच्या टोकाशी जंतू राहिले तर ते वर झिरपतात. हे काही नवं नाही. इंग्लंडमध्ये नॅथॅनियल हायमोर या वैद्यानं १६५१ मध्ये या पोकळीचं वर्णन केलं, त्यातही दात काढल्यावर जिच्या गालाच्या पोकळीतून पू वाहायला लागला अशी एक बाई आहे. त्यात या सायनसची रचनाच अडचणीची, बाहेर पडायचं भोक तळाशी नसून वर, भांड्याच्या गळ्याशी असावं तसं. आतल्या अस्तरावरचे बारीक केस चिकट पाणी वर ढकलत असतात. पू झाला, सूज आली, की ते काम थांबतं आणि सगळं तळात कुजत राहतं. त्यावर हा गेले अडीच महिने रोज सेटिरिझिन घेत होता आणि डेअरीवर दुपारी डुलक्या काढत होता.

टेबलावर दोन पट्ट्या तशाच पडलेल्या. जंतूंची गोळी जिला जंतू नाहीत तिच्याकडे, अ‍ॅलर्जीची ज्याला पू झालाय त्याच्याकडे. अदलाबदल केली असती तर आईला निदान थोडा आराम पडला असता. मुलाला नाही. त्या तीन गोळ्यांनी मुळाचं दुखणं हटत नाही.

मी त्याला सांगितलं, "जुलैत माझ्याकडून नीट बघणं झालं नाही. तेव्हाच बाजू विचारायला हवी होती." तो काही बोलला नाही. मावशीच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, माणसाचं हातून हुतंय."

मधल्या वेळात बाहेर एक मास्तर "पाच दिवस झाले, शेंबूड हिरवा झालाय, जरा तगडं अँटिबायोटिक लिहा" म्हणून ताटकळले होते. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, साध्या सर्दीतही येतो. दहा दिवस उलटूनही उतार नसला, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा उलटली, किंवा तीन-चार दिवस सणकून ताप आणि पू असला, तर मी जंतूंचा विचार करते. मास्तर नाराज होऊन गेले. आठवड्याभरात बरे झाले असणार, कारण परत आले नाहीत.

सोलापूरला सीटी स्कॅन झाला. डावा गाल काळा, म्हणजे हवेनं भरलेला. उजवा पूर्ण करडा, आणि दाढेच्या एका मुळाच्या टोकाशी काळी गोल खळगी. आमच्या गल्लीतल्या डेंटिस्टना फोन केला. वरच्या या दाढेच्या मुळांत पुष्कळदा नसेची चौथी नळी असते आणि ती भल्याभल्यांना सापडत नाही. इथं तीच राहिली होती. त्यांनी कॅप काढून सगळं नव्यानं केलं, मी अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे जंतूंवरचं औषध आणि नाक धुवायला मिठाचं पाणी दिलं, उकळून कोमट केलेल्या पाण्यातच करायचं असं बजावून. सायनसच्या ऑपरेशनची तयारी मनात ठेवली होती, तिची गरज पडली नाही.

दिवाळीच्या तोंडावर दोघं दाखवायला आले. मावशींच्या पिशवीत स्प्रेची दुसरी बाटली होती. शिंका आहेत, पण चार-पाचवर आल्यात. तीनची गोळी घेतली का विचारलं, तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी पुढे विचारलं नाही.

मुलाची दुर्बीण केली. उजवी बाजू डावीसारखीच गुलाबी. वास दहा-बारा दिवसांतच गेला म्हणाला.

"मग डेअरीवर शांतता?"

"कसली शांतता! परवा एकाचा कॅन खरंच आंबला हुता. मी न्हाई म्हटलं. तर रांगेतले सगळे म्हणाले, जा, आधी मॅडमला नाक दाखवून ये."