आमची वाटचाल : चाळीतल्या जास्वंदी

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या गोरेगावच्या नर्सरीत नाल्याचं पाणी कमरेपर्यंत चढलं. पाणी ओसरल्यावर वाटलं, वाचलो. पण दोन आठवड्यांत जास्वंदीची सगळी रोपं मुळं कुजून एका ओळीने मान टाकत गेली. वडिलांनी ती सगळी एकाच झाडाच्या फांद्या लावून वाढवली होती. छाट कलम म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. एकीला जे मारेल ते सगळ्यांना मारेल.

जगली ती फाटकापाशी आजीने लावलेली जुनी पाच पाकळ्यांची लाल. ती थोडी उंचवट्यावर होती हे खरं, पण तिच्या शेजारच्या दोन संकरित गेल्याच.

तेव्हापासून मी फांद्या गोळा करत सुटलो. गिरगाव, दादर, परळच्या चाळी, वसईच्या वाड्या. पुनर्विकासाची पाटी दिसली की मी कात्री घेऊन हजर. "अहो, झाड न्या की अख्खं," असं म्हणणाऱ्या आजीही भेटल्या आणि चोर समजून हाकलणारे वॉचमनही. आज चाळीसेक प्रकार आहेत. प्रत्येकाच्या तीन कुंड्या, त्यातली एक वसईला मामांच्या वाडीत. पुन्हा पाणी भरलं तर सगळं एका जागी नको.

मग संकर सुरू केले. जास्वंदीचं फूल बहुधा एकाच दिवसाचं. म्हणून आदल्या संध्याकाळी कळी उघडून पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग टोकाच्या पाच ठिपक्यांवर लावून दोरा बांधायचा. बोंड धरलंच तर पिकायला दोन-तीन महिने. बहुतेक गळतात. दुहेरी पाकळ्यांच्या जुन्या लाल तर आमच्याकडे बीच धरत नाहीत. त्यांचा पराग मिळाला तर वापरायचा, नाहीतर कलमावरच जपायच्या. झुंबरासारखी उलटी लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची जास्वंद मूळची पूर्व आफ्रिकेची. चाळीतल्या लालवर तिचा पराग मला सगळ्यात जास्त फळला.

ताटाएवढं फूल मला नको. खिडकीच्या ग्रिलमध्ये अर्ध्या उन्हात टिकणारं, जुलैत मुळं न कुजणारं, पिठ्या ढेकूण कमी लागणारं झाड हवं. बियांचं रोप फुलायला दीड-दोन वर्षं घेतं. आजवरच्या तीनशेएक रोपांतून चारच ठेवली. एकदा तर पाणी घालणाऱ्या पोराने कुंड्यांवरच्या नावांच्या पाट्या धुऊन स्वच्छ केल्या आणि एका हंगामाचे आईबाप कायमचे हरवले.

घर मात्र यावर चालत नाही. ते चालतं आंध्रातल्या कडियम या नर्सऱ्यांच्या गावाहून येणाऱ्या रोपांच्या ट्रकवर. मुंबईतल्या किती नर्सऱ्या त्याच ट्रकवर चालतात! गणपतीत गिऱ्हाईक "भाऊ, लाल द्या" म्हणतं तेव्हा मी ट्रकमधली आणि माझी, दोन्ही पुढे ठेवतो. चारातले तीन जण मोठ्या फुलाचंच उचलतात.

गेल्या महिन्यात लालबागच्या एक बाई ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली काडी घेऊन आल्या. त्यांची चाळ दिवाळीनंतर पडणार आहे. काडीला दोन डोळे फुटलेत. फूल कुठल्या रंगाचं, हे बाईंना विचारायचंच राहून गेलं.